हस्तसंगणकाचा वेग: फुकटची शक्ती की हिशेबातली जोखीम

उत्पादक हस्तसंगणकातील प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी ठेवतात आणि एखाद्या छोट्या प्रोग्रामने तो वाढवला की जास्तीची शक्ती फुकट पदरात पडते, असे मत जाणकार वापरकर्त्यांत रूढ झाले. हा पूर्वपक्ष अगदीच निराधार नाही. १९९८ मध्ये आलेल्या पाम थ्री या यंत्रात मोटोरोलाचा ड्रॅगनबॉल प्रोसेसर सुमारे १६ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला सुमारे एक कोटी साठ लाख ठोक्यांच्या तालावर चालत असे. हा ताल ३२ किलोहर्ट्झच्या स्फटिकाची कंपने गुणून मिळवला जाई, आणि प्रोसेसरच्या रजिस्टरमधील, म्हणजे त्याच्या अंतर्गत नोंदीच्या जागेतील, गुणकाचा आकडा बदलला की वेग बदले. अनेक यंत्रे वाढीव वेगानेही सुरळीत चालत.

परंतु यंत्र चालले म्हणून ते बिनचूक चालले, हे सिद्ध होत नाही. प्रत्येक ठोक्याच्या अवधीत चिपमधील सर्वांत लांब मार्गावरचा संकेत मुक्कामी पोहोचावा लागतो. चिप तापली किंवा बॅटरी उतरून व्होल्टेज घसरले की तो संकेत मंदावतो, आणि उत्पादकाने कमाल वेगाच्या खाली ठेवलेले अंतर नेमके अशाच प्रसंगांसाठी राखलेले असते. त्याला वाया गेलेला वेग म्हणणे चुकीचे आहे. उलट, एवढ्या कमी वेगाच्या चिपा लगेच जळून जातील ही विरुद्ध बाजूची भीतीही अतिरंजित आहे. खरा धोका उष्णतेपेक्षा हुकलेल्या वेळेचा आहे. ‘४’ हा अंक संगणकात ००११०१०० असा, तर ‘५’ हा ००११०१०१ असा साठवला जातो. शेवटचा एकच बिट चुकला की दूरध्वनी क्रमांक बदलतो, यंत्र मात्र कुरकुर करत नाही. पामची माहिती बॅटरीवर टिकणाऱ्या रॅममध्येच असल्याने अशी चूक पुढच्या हॉटसिंकमध्ये, म्हणजे संगणकाशी माहिती जुळवण्याच्या क्रियेत, घरच्या संगणकावरील प्रतीतही उतरू शकते. शिवाय सिरियल पोर्टचा वेगही प्रोसेसरच्या याच तालावरून ठरत असल्याने, वेग वाढवणाऱ्या प्रोग्रामने तो हिशेब नव्याने जुळवला नाही तर हॉटसिंकच बिघडते.

वेग कमी केला की बॅटरी हमखास वाचते, हा समजही तपासला पाहिजे. खर्च होणारी शक्ती ढोबळमानाने वारंवारता आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. केवळ वारंवारता निम्मी केली तर तेच काम दुप्पट वेळ चालते आणि कामामागची ऊर्जा जवळपास तेवढीच राहते. शिवाय पाम ओएस काम नसताना प्रोसेसरला डुलकी घेऊ देतच असे. व्होल्टेज १.५ वरून १ व्होल्टवर आणले, तर मात्र प्रत्येक कामामागची ऊर्जा निम्म्याहूनही कमी होते. म्हणूनच इंटेलच्या २००४ च्या पीएक्सए२७० प्रोसेसरमध्ये वारंवारता आणि व्होल्टेज एकत्र बदलण्याची केलेली सोय हाच वेग हाताळण्याचा शास्त्रशुद्ध मार्ग ठरतो. ज्याला जुन्या यंत्राचा वेग तरीही वाढवायचा असेल, त्याने तो खेळासारख्या एखाद्याच प्रोग्रामपुरता वाढवावा, हॉटसिंकच्या वेळी मूळ पातळीवर आणावा, आणि माहितीची बदलापूर्वीची एक प्रत वेगळी जपून ठेवावी.