शेवटी सेव्ह करील त्याचं खरं?

मंडळी, आमच्या घरातली नवी पिढी वेब ॲप्लिकेशनं लिहिते. परवा त्यांच्या तोंडून एक वाक्य ऐकलं आणि डोकंच फिरलं. "आजोबा, दोघांनी एकच नोंद उघडली तर शेवटी सेव्ह करील त्याचं राहतं. एवढं काय त्यात!"

एवढं काय? अरे, आपण गव्हाणची माणसं. 1970 मध्ये सिडको आली, पनवेल-उरणच्या जमिनी संपादनात गेल्या. मोबदला असो की साडेबारा टक्क्यांचा भूखंड, कागदावर नाव कोणाचं यावरच सगळं अडलं. नाव गळलं की माणूस गळला.

समजा, अशी एक नोंद डेटाबेसमध्ये आहे. अकरा वाजता एका कारकुनानं ती उघडली. पडद्यावर आली ती नोंद नव्हे, नोंदीची नक्कल. पाच मिनिटांनी दुसऱ्यानं उघडली, त्यालाही तशीच नक्कल. दुसऱ्यानं बहिणीचं नाव वारस म्हणून चढवलं, सेव्ह केलं. पहिला चहा पिऊन आला, क्षेत्र दुरुस्त केलं आणि अकराची अख्खी नक्कल वर चढवली. बहीण गेली! पडद्यावर मात्र 'यशस्वी'.

"मग पहिल्याचं होईपर्यंत नोंदीला कुलूप लावू?" हा पुढचा युक्तिवाद. नको. तो जेवायला गेला की बाकीचे ताटकळणार. डेटाबेसचं सेशन वाचण्यापुरतं उघडा, बंद करा. नकलेसोबत आवृत्तीचा क्रमांक द्या. सेव्ह करताना नव्या सेशनमध्ये तो ताडा. जुळला तर लिहा आणि क्रमांक वाढवा. नाही तर 'नक्कल शिळी झाली' म्हणून परत पाठवा. ताडणं आणि लिहिणं मात्र एका दमात. कुलूप न लावता, लिहिण्याआधी ताडून पाहायचं, हा विचार कुंग आणि रॉबिन्सन यांनी 1981 सालीच मांडला आहे.

आणि आपल्या चावडीला ही शिस्त त्याआधीपासून ठाऊक! 1966 च्या जमीन महसूल संहितेत फेरफार आधी नोंदवहीत जातो, संबंधितांना नोटीस निघते, हरकत आली तर ऐकली जाते, आणि प्रमाणित झाल्यावरच सातबारा बदलतो. शेवटी येऊन लिहिणाऱ्याची तिथं आपोआप सरशी नाही.

पोरांनो, यंत्र जलद आहे म्हणून रीत सोडायची नसते. जिचं नाव पुसलं जातं ती बहीण तुमच्या कुठल्याच सेशनमध्ये नसते. तिच्या वतीनं हरकत घेणारं कोणीतरी तुमच्या प्रोग्रॅममध्येच बसवलं पाहिजे.