ओट्यामागची भिंत

दिवाळी सरली, तुळशीचे लग्न लागले, की सांबऱ्यापासून निपाणीपर्यंत सगळीकडे दोन कामांना एकदम जोर चढतो. एक लग्ने जुळवण्याचे आणि दुसरे घर दुरुस्त करण्याचे. पाहुणे येणार म्हटले की पुरुष मंडळी बाहेरच्या खोलीला रंग काढायला निघतात. येणाऱ्या बायका मात्र त्या खोलीत पाच मिनिटेही बसत नाहीत. ‘काही मदत करू का?’ म्हणत त्या सरळ आत येतात आणि त्यांच्या नजरेस पहिल्यांदा पडते ती ओट्यामागची भिंत.

तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या आपल्याकडच्या बहुतेक घरांत या भिंतीची तऱ्हा सारखीच आहे. पांढऱ्या लहान चौकोनी टाइल्स, दोन-चार तडकलेल्या, सांध्यांतल्या पांढऱ्या सिमेंटला हळदीचा आणि धुराचा रंग चढलेला. खाली कडप्प्याचा ओटा, पायाखाली शहाबादी फरशी, बाजूला भिंतीतले लाकडी फडताळ आणि ओट्याखाली पडदा किंवा कुरकुरणारी दारे. स्वयंपाकघर म्हणा की अडगीमनी म्हणा, चित्र तेच. आता घरात सून येते, मुलगी शहरातली मैत्रीण घेऊन येते आणि सगळे पाडून नवे करू या असा विषय निघतो. मॉड्युलरवाला येऊन टेप लावतो, गुळगुळीत कागदावरची चित्रे दाखवतो आणि खाली जो आकडा लिहितो तो वाचून घरातला कर्ता माणूस पाणी मागतो.

माझे म्हणणे असे, की आधी पाडू नका. आधी भिंत वाजवून पाहा.

हे अगदी शब्दशः घ्या. एक रुपयाचे नाणे घेऊन प्रत्येक टाइल हलकेच ठोकायची. घट्ट बसलेली टाइल भरीव वाजते, सुटलेली पोकळ. बहुतेक टाइल्स भरीव असतील तर त्या काढण्याचे काहीच कारण नाही. जुने सांधे खरवडून त्यात एपॉक्सी भरले तरी भिंत पुष्कळ उजळते. पांढरे सिमेंट सच्छिद्र असते, म्हणून ते हळद आणि तेल पिऊन घेते. एपॉक्सी पीत नाही. ते महाग असते हे खरे, पण सांध्यांत भरायला लागते कितीसे? आणि टाइल्सच नव्या हव्या असतील तर जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवता येतात. मात्र त्यासाठी नुसते सिमेंट चालत नाही, टाइल चिकटवण्याचा खास मसाला पिशवीत मिळतो तोच लागतो. त्याआधी जुन्या टाइल्सवरचा तेलकटपणा सोड्याने धुऊन काढून पृष्ठभाग खरखरीत करून घ्यावा लागतो. आणखी एक, भिंतीची जाडी वाढली की नळ आणि स्विचबोर्ड आत गेल्यासारखे होतात. त्यांचे एक्स्टेन्शन आधीच आणून ठेवावे.

पण ठोकताना सगळी भिंतच ढबढब वाजली, तर गोष्ट वेगळी. गावठाणातली आपली जुनी घरे मातीच्या विटांची किंवा नुसत्या मातीची आहेत. वर सिमेंटचा गिलावा असल्याने ते कळत नाही. माती ओल घेते आणि ती बाहेरही टाकते. तिच्यावर सिमेंटचा आणि टाइल्सचा थर चढवला की ओल आतच कोंडते. मग गिलावा मातीला सोडतो आणि टाइल्स गिलाव्यासकट पुढे येतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पावसाने आणि पुराने बेळगाव जिल्ह्यात मातीच्या भिंतींचे काय केले, ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. त्यानंतरही आमच्या गल्लीत एका घरी ओट्यामागच्या मातीच्या भिंतीवर छतापर्यंत टाइल्स चढवायचे ठरत होते. सासूबाईंचा विरोध होता. पण त्यांना नवे काही नकोच असते, असे म्हणून कोणी मनावर घेत नव्हते. टाइल्सची पेटी दारात आली होती. गवंडी बैलहोंगलकडचा. त्याने भिंतीवर हात ठेवला, वरच्या मोरीचा पाइप पाहिला आणि म्हणाला, ‘मोदल नीर नोड्री.’ आधी पाणी बघा. पाइप सांध्यात पाझरत होता, भिंत आतून भिजलेली होती. त्या भिंतीखाली रोज सकाळी दोन बायका आणि एक शाळकरी मुलगी उभी असते.

पाइप बदलून, भिंत उन्हाळाभर वाळू देऊन, गवंड्याने मग जे केले ते मला फार पटले. ओट्यावर मागच्या बाजूला पॉलिश केलेल्या कडप्प्याचे दोन फूट उंचीचे पाट उभे केले. त्यांचा भार ओट्यावर येतो. भिंतीशी बोटभर फट ठेवून वरच्या कडेला फक्त पकड दिली. फोडणी उडते ती दगडावर, भिंतीला हवा मिळते. दारात आलेली टाइल्सची पेटी न्हाणीघरात वापरली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दिवसभर गवंड्याला चहा मात्र तीनदा मिळाला.

तेव्हा क्रम असा धरावा: पाणी, मग वीज, मग भिंत आणि सगळ्यात शेवटी रंगरूप. जुने लोखंडी पाइप टाइल्सच्या आत गाडलेले असतील तर ते आधी बदलावेत. मिक्सर, फिल्टर, ओव्हन यांना एकाच प्लगवर तीन पिना खोचून चालवायची सवय असेल, तर टाइल्स लागायच्या आधीच आणखी दोन पॉइंट काढून घ्यावेत. समजा हाताशी तीस हजार आहेत. त्यातले निम्मे आधी दिसणार नाहीत अशा कामाला जाऊ शकतात, ही मनाची तयारी हवी. नंतर नव्या टाइल्स फोडून पाइप शोधण्यापेक्षा ते बरे.

टाइल्सचा हिशेब दुकानदाराच्या कॅल्क्युलेटरवर सोपवू नका, तो सोपा असतो. ओट्यामागची भिंत दहा फूट लांब आणि दोन फूट उंच, म्हणजे वीस चौरस फूट. एक फूट बाय दोन फुटांची टाइल उभी लावली तर नेमक्या दहा लागतात आणि उंचीला कापावी लागत नाही. तीच बारा बाय अठरा इंचांची घेतली तर दोन फुटांचा मेळ बसवताना कापाकापी आणि तुकड्यांची नासाडी. एखाद-दुसरी फुटेल म्हणून जास्तीची घ्यावी, वर दोन कायमच्या माळ्यावर ठेवाव्यात, कारण चार वर्षांनी ते डिझाइन बंद झालेले असते. सगळ्या पेट्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना, हेही बघावे. नाहीतर एका भिंतीवर दोन पांढरे दिसतात. आणि रोज भाकरी, झुणका, शेंगाचटणी होणाऱ्या स्वयंपाकघरात कॉफीचे कप आणि द्राक्षांचे घड छापलेल्या टाइल्स कशासाठी, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. असो. ज्याची त्याची हौस.

ज्यांना टाइल्स परवडत नाहीत त्यांनी साध्या पक्क्या भिंतीला दोन हात ऑइलपेंट दिला तरी ती पुसता येते. बाजारात चिकटपट्टीसारखे स्टिकरचे रोल मिळतात, ते दिसायला छान. पण प्लॅस्टिकचे स्टिकर शेगडीच्या मागे लावू नयेत. उष्णतेने ते आक्रसतात आणि ज्योतीजवळ धोकाही असतो. कपबशीच्या मांडणीमागे लावायला हरकत नाही.

ओट्याबद्दल जरा थांबून बोलायला हवे, कारण जुने ओटे बुटके म्हणून पाडण्याची सध्या लाट आहे. उभ्याने चिरणे, ढवळणे यासाठी ओटा कोपरापेक्षा चार-सहा इंच खाली असावा, हे बरोबर. पण भाकरी थापायची असते तेव्हा हातावर अंगाचा भार द्यावा लागतो, पीठ मळतानाही तेच. तिथे थोडा खालचा ओटाच सोयीचा. आपल्या सीमाभागातल्या घरांत, मग ती मराठी असोत की कन्नड, भाकरी हे सणाचे नव्हे, रोजचे काम. बेंगळूरच्या किंवा पुण्याच्या फ्लॅटसाठी काढलेल्या नकाशात भाकरी नसते. म्हणून ओटा उंच करायचाच असेल तर शेगडी आणि सिंककडची बाजू करा, पण दोन-अडीच फुटांचा तुकडा जुन्या उंचीवर राहू द्या. खर्च तेवढाच वाचतो आणि खांदेही.

ओटा, फरशी घासायला ॲसिड वापरण्याची एक वाईट खोड आपल्याकडे आहे. कडप्पा आणि शहाबादी हे दोन्ही चुनखडीचे दगड. शहाबाद आपल्याच राज्यात, कलबुर्गी जिल्ह्यात, कडप्पा आंध्रातला. चुनखडीवर ॲसिड पडले की फेस येतो. तो फेस म्हणजे मळ निघत नसतो, दगड विरघळत असतो. लिंबू, चिंच, ताक यांचेही डाग त्यामुळेच उमटतात. साधा साबण आणि मऊ घासणी पुरे. झिजलेला दगड पुन्हा पॉलिश करून मिळतो, नव्यापेक्षा स्वस्तात. ज्यांना दगड बदलायचाच आहे त्यांच्यासाठी इलकलचा तांबूस ग्रॅनाइट आहे. इलकलची साडी आपली, तसा हा दगडही आपल्याच भागातला, आणि त्याला लिंबाचे भय नाही.

आता कपाटे. जुने सागवानी फडताळ असेल तर ते फेकून त्या जागी भुशाच्या पाट्यांचे कपाट बसवणे म्हणजे घरची गाय विकून पिशवीचे दूध आणणे. बिजागऱ्या आणि मुठी बदला, घासून रंग किंवा पॉलिश करा, संपले. फक्त घासताना एक काळजी घ्या. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांना फार बाधते. म्हणून कोरडे घासू नये; पाणी लावून वॉटरपेपरने घासावे, तोंडाला मास्क असावा आणि मुलांना, गरोदर बाईला त्या दिवशी शेजारी पाठवावे. खाली पडलेले पाणी कपड्याने टिपून घ्यावे, अंगणातल्या तुळशीत ओतू नये.

ओट्याखालचे कपाट नवे करताना आपल्या सवयी लक्षात घ्याव्यात. आपण फरशी बादलीने धुतो आणि पावसाळा चार महिने. जमिनीला टेकलेला भुशाचा बोर्ड दुसऱ्या पावसाळ्यात पावासारखा फुगतो. ओट्याखाली कडप्प्याचे उभे पाट असतातच. तेच कपाटाचे अंग समजावे आणि पुढे फक्त चौकट आणि दारे बसवावीत. चौकट जमिनीपासून चार इंच वर. प्लायवूड घ्यायचे तर शिक्का वाचून घ्या: आयएस ७१० म्हणजे पाण्याला टिकणारे मरीन प्लाय, आयएस ३०३ हे त्याखालचे. सिंकच्या खाली ७१०, बाकी ठिकाणी ३०३ मधले ओलीला टिकणारे घेतले तरी भागते. सनमायकाचा पत्रा आठ बाय चार फुटांचा येतो, तेव्हा दारांची मापे त्यात बसवूनच सुताराला सांगावीत, नाहीतर अर्धा पत्रा वाया जातो. स्टीलच्या ट्रॉल्या कुरकुरत असतील तर बहुधा चॅनल गेलेले असतात, ट्रॉली नाही. चॅनल तेवढे बदला.

सिलिंडरच्या कपाटाला मात्र घट्ट दार कधीही लावू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, खाली साचतो. म्हणून दाराला तळाशी जाळी किंवा मोठी भोके हवीतच. नळीवरची तारीखही याच निमित्ताने बघून घ्या, पाच वर्षे झाली असतील तर बदला.

उजेडाचे राहिलेच. कौलारू घर असेल तर ओट्याच्या वरचे एक कौल काढून काचेचे बसवावे. इतक्या कमी पैशांत स्वयंपाकघराचे रूप इतके पालटणारे दुसरे काही मला ठाऊक नाही. सकाळच्या उन्हात ओट्यावरचे हळदीचे डागही हळूहळू फिके पडतात, कारण हळदीचा रंग उन्हात उडतो.

गवंडी आणि सुतार मिळण्याचे मात्र आधीच बघा. आसपासच्या एखाद्या गावाची लक्ष्मीयात्रा वर्षानुवर्षांनी यायची असेल, तर त्या हंगामात सगळे गाव घर काढायला निघते. मग ना गवंडी वेळेवर येतो, ना मजुरी आवाक्यात राहते. अशा वेळी लग्नाची घाई नसेल तर यात्रा होऊ द्यावी.

काम सुरू झाले की तीन-चार दिवस स्वयंपाकघर बंद. टाइल्स लावल्यावर एक दिवस तरी त्यांना हात लावू नये, सांधे भरल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी नाही. तेवढ्यापुरती परसात तीन विटांची चूल मांडावी, कन्नड जावा तिला वली म्हणतील. सकाळी एकदमच भाकऱ्या थापून ठेवाव्यात, सोबत शेंगाचटणी आणि दही. आणि गवंड्यालाही त्यातलीच एक भाकरी द्यावी.