हेम्प, गांजा आणि आमची अंबाडी

"हेम्प म्हणजे गांजा नव्हे रे!" हे वाक्य गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की आता डोकं उठतं. हेम्पचे टी-शर्ट झाले, बियांचं प्रोटीन झालं, आता पुढची पायरी: "तुमची गावाकडे शेती आहे ना? लावून टाका, कपाशीपेक्षा बरं." माझं गाव देऊळगाव राजा. म्हणून आज जरा चिडूनच लिहितोय.

मंडळी, ही दोन वेगळी झाडं नाहीतच. दोन्ही कॅनाबिस सटायव्हा. धाग्यासाठी उंच, सडसडीत वाण निवडत गेले तो हेम्प; मादी झाडाच्या चिकट फुलोऱ्यासाठी निवडत गेले तो गांजा. फरक टीएचसी या नशा आणणाऱ्या द्रव्याच्या प्रमाणाचा. आणि तो जगभर मिरवला जाणारा ०.३ टक्क्यांचा आकडा? १९७६ साली स्मॉल आणि क्रॉनक्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी वर्गीकरणाच्या सोयीसाठी घेतला, तोही मनमानी आहे असं स्वतःच सांगून. स्वित्झर्लंडमध्ये हीच रेघ १ टक्क्यावर आहे. थोडक्यात, कुणीतरी हार्डकोड केलेला कॉन्स्टंट :)

आपल्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या व्याख्येत तर टक्केवारीच नाही. तो झाडाचा भाग बघतो. फुलोरा म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस. नुसती पानं आणि बिया त्यातून वगळलेल्या. (भांग राज्यांच्या कायद्यांकडे गेली ती यामुळेच.) पण लागवडीचं काय? परवानगीशिवाय कॅनाबिसचं झाड लावलं की कलम २०: १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी, १ लाखापर्यंत दंड. "साहेब, हा हेम्प आहे" म्हणून सुटका नाही. धागा-बियांसाठी सरकार कलम १४ खाली परवानगी देऊ शकतं आणि उत्तराखंडने २०१८ मध्ये ती वाट उघडली, हे खरं. २०२१ मध्ये एफएसएसएआयने हेम्पच्या बिया खाद्य म्हणून मान्य केल्या, हेही खरं. पण बी खाता येतं म्हणून पेरता येतं असं नाही हो!

त्याच २०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने शेतमालाला भाव नाही म्हणून चक्क गांजा लावायची परवानगी मागितली. सोशल मीडियावर सगळे हसले. माझ्या मते तो हेम्पवाल्यांपेक्षा प्रामाणिक होता. झाडाला त्याच्या नावाने तरी हाक मारली!

नावाचा घोळ आणखी एक. इंग्रजी पुस्तकात 'डेक्कन हेम्प' म्हणजे आपली अंबाडी, 'सन हेम्प' म्हणजे ताग. दोघांचाही गांजाशी काडीचा संबंध नाही. अंबाडीची भाजी भाकरीबरोबर खाल्ली, तिच्या वाखाचे दोर वळले, कुणी परवाना मागितला नाही. शाश्वत धाग्याचा एवढा पुळका असेल तर त्या अंबाडीला भाव द्या ना. पण तिच्यात 'कूल' काही नाही. असो.

आमच्याकडे शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बीजोत्पादन चालतं, जालन्याच्या बियाणे कंपन्या जवळच. तिथल्या माणसाला परागीकरण शिकवायची गरज नाही. कॅनाबिसचे पराग वाऱ्यावर जातात. भलत्या झाडाचे पराग बसले, तर घरी राखलेल्या बियांचं पुढचं पीक रेघेच्या वर जाऊ शकतं. तेव्हा स्लाइड दाखवणाऱ्यांनी आधी एवढंच सांगावं: परवाना कुणाच्या नावावर, तपासणीचे पैसे कोण भरणार, आणि ०.४ आलं तर पोलिसांसमोर कोण उभं राहणार? सातबारा तर शेतकऱ्याच्या नावावर आहे.