समुद्राचा शब्बाथ आणि धंद्याची नीती

दरवर्षी १ जून उजाडला की मिरकरवाडा बंदरातील यांत्रिक नौका किनाऱ्याला लागतात आणि जुलै संपेपर्यंत हलत नाहीत. बर्फाचा खप मंदावतो, जाळ्यांच्या दुरुस्तीला हात लागतो, नेपाळी खलाशी आपल्या मुलुखाची वाट धरतात. ही बंदी सरकारी आदेशाने येते, म्हणून तिच्याकडे निव्वळ प्रशासकीय बाब म्हणून पाहण्याची सवय जडली आहे. वस्तुतः धंदा नीतीने चालवायचा म्हणजे नेमके काय करायचे, या फार जुन्या प्रश्नाशी तिचे नाते आहे. आणि मासेमारीच्या बाबतीत हा प्रश्न कायद्याच्या दारापर्यंत नेणाऱ्यांत ख्रिस्ती कार्यकर्ते आघाडीवर होते.

व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात नीती शिकविली जाते ती बहुधा व्यक्तीचा सद्गुण म्हणून. मालक प्रामाणिक असावा, व्यवस्थापक दयाळू असावा, इतक्यावर विषय संपतो. बायबलच्या जुन्या करारातील दृष्टी याहून निराळी आणि बरीच व्यवहारी आहे. शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी राखावे, मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी चुकती करावी, सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवावी, घरट्यात पिलांवर बसलेली पक्षीण पिलांसह धरू नये. हे उपदेश नव्हेत. कामाची वेळ, उत्पादनाची मर्यादा आणि देण्याची मुदत ठरविणारे हे नियम आहेत. आजच्या भाषेत त्यांना कार्यव्यवस्थापनच म्हणावे लागेल. पिलांवरच्या पक्षिणीच्या जागी अंडी धरलेला बांगडा ठेवला की मिरकरवाड्याच्या धक्क्यावरील माणसाला तो नियम वेगळा समजावून सांगावा लागत नाही. येशूचे पहिले शिष्यही कोळीच होते, आणि मार्कच्या शुभवर्तमानातील जब्दीच्या होडीवर मोलाने ठेवलेली माणसे होती. म्हणजे मालक आणि खलाशी हा भेदही त्या परंपरेला अपरिचित नाही.

यातील खरी मेख अशी की हे नियम सर्वांना एकाच वेळी लागू होते. मिरकरवाड्यातील एखाद्या नौकामालकाने मनाशी ठरविले की बारीक आसाचे जाळे टाकायचे नाही, तर त्याने सोडलेली मासळी समुद्रात वाढत नाही. ती शेजारच्या नौकेच्या जाळ्यात जाते. कर्जाचा हप्ता, डिझेल, बर्फ आणि खलाशांना दिलेली उचल त्याच्या डोक्यावर तशीच उरते. समाईक साधनसंपत्तीच्या धंद्यात एकट्याची नीती ही स्पर्धकाला दिलेली देणगी ठरते. म्हणून तेथे सद्गुणाला नियमाचे रूप द्यावे लागते.

गोव्यात सत्तरच्या दशकात नेमके हेच घडले. सरकारी साहाय्याने आलेले ट्रॉलर किनाऱ्यालगत जाळी ओढू लागले आणि रांपणकारांच्या पोटावर पाय आला. मातान्ही साल्ढाणा या शिक्षकाच्या नेतृत्वाखाली रांपणकार संघटित झाले. त्यांनी यंत्राला सरसकट विरोध केला नाही. यंत्राने किनाऱ्याचा पट्टा सोडावा, एवढीच त्यांची मागणी होती. १९७८ मध्ये मच्छीमारांचे राष्ट्रीय व्यासपीठ उभे राहिले. पुढे त्याची धुरा केरळातील थॉमस कोचेरी या धर्मगुरूंनीही वाहिली. १९८० मध्ये गोव्याचा आणि १९८१ मध्ये महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. मिरकरवाड्यातील मच्छीमार बहुसंख्येने मुसलमान, शेजारच्या वाड्यांतून खारवी आणि भंडारी. त्या सर्वांवर आज चालतो तो हाच कायदा. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाण्याची रीत तर त्याहून कितीतरी जुनी. विचार कोणत्या धर्मग्रंथातून आला याची विचारणा माशांचे थवे करीत नाहीत.

तथापि कायदा झाला म्हणजे नीती रुजली असे नव्हे. थव्याला वेढा घालून तळाची दोरी आवळणारे पर्ससीन जाळे या बंदरात आले आणि पारंपरिक मच्छीमारांशी त्याचा संघर्ष वर्षानुवर्षे धुमसत राहिला. डॉ. सोमवंशी समितीच्या शिफारशींनंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या सागरी हद्दीतील पर्ससीनचे परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणण्याचे ठरले आणि हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर असा बांधला गेला. एलईडी दिव्यांच्या झोतात होणारी मासेमारी केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंद केली. २०२१ च्या दुरुस्तीने दंड लाखांच्या घरात गेले आणि निवाड्याचे काम तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याकडे आले. तरीही रात्री समुद्रात दिवे दिसतात, ही तक्रार थांबलेली नाही. पर्ससीनमालकांचे म्हणणेही उडवून लावण्याजोगे नाही. कर्ज काढून नौका बांधा असे एकेकाळी शासनच सांगत होते, आणि परप्रांतीय ट्रॉलर हद्दीत घुसतात तेव्हा नियम पाळणारा स्थानिकच नाडला जातो. ज्या नियमाची राखण होत नाही, तो पाळणाऱ्यालाच दंड करतो.

आणखी एक बाजू सहसा चर्चेत येत नाही. शब्बाथाच्या मूळ नियमात विश्रांती मालकापुरती नव्हती. दास, परका आणि बैल यांनाही ती सांगितली होती. मिरकरवाड्याच्या दोन महिन्यांच्या बंदीत समुद्राला विसावा मिळतो, नौकेला डागडुजी मिळते. खलाशाची कमाई मात्र थांबते. बंदीच्या काळासाठी केंद्र सरकारची जी साहाय्य योजना आहे तिच्यात शासनाचे ३,००० आणि मच्छीमाराचे स्वतःचे १,५०० रुपये मिळून तीन महिन्यांचा हिशेब बसविला आहे. तीही गरीब पारंपरिक मच्छीमार कुटुंबांसाठी. नेपाळातून आलेला खलाशी त्या व्याख्येत बसत नाही. ऑगस्टमध्ये तो परततो तो बहुधा नवी उचल घेऊन, आणि तिची फेड हंगामाच्या पहिल्याच फेरीपासून सुरू होते.