करजगावच्या टिळकांचा वधस्तंभ आणि आपल्या पडवीतला कप

गेल्या गुड फ्रायडेच्या सुमारास रत्नागिरीच्या एसटी स्थानकावर एका तरुणाने मोठ्या अदबीने एक पत्रक हातात ठेवले. ख्रिस्ताच्या वधस्तंभाचा संदेश माणसाचे रोजचे जीवन पालटून टाकतो, व्यसन सुटते, घरातला कलह मिटतो, असा त्यातील आशय होता. सोबतच्या कार्यकर्त्याने आपली प्रत चुरगळून फेकून दिली. मी माझी घडी करून खिशात ठेवली. या दाव्याची परीक्षा घ्यायची तर आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण डोळ्यांसमोर आहे. ते पत्रक वाटणाऱ्यांना सोयीचे नाही आणि खरे सांगायचे तर आपल्यालाही नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. लोकमान्यांचाच जिल्हा, त्यांचेच आडनाव, त्यांचीच ज्ञाती. राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीतील एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भोळ्याभाबड्याला फसवून बाटवले, हे आपले ठरलेले वाक्य येथे लागू पडत नाही. संस्कृत जाणणारा, मराठी कवितेत मानाचे स्थान मिळवणारा हा विद्वान होता. त्याला कोण फसवणार?

मग त्यांचे रोजचे जीवन पालटले काय? पालटले. ते नाकारणे हा अप्रामाणिकपणा होईल. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी अनेकांच्या घरी असतील. सोवळ्याओवळ्याचे वेड इतके की बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घ्यायचे, अशा वडिलांच्या घरात त्या वाढल्या. पतीच्या धर्मांतरानंतर सुमारे पाच वर्षे त्यांनी वियोग सोसला. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे त्याच बाईंच्या स्वयंपाकघरात दुष्काळातली पोरकी मुले जात न विचारता जेवू लागली. त्यांच्याच घरी बालकवी ठोंबरे मुलासारखे राहिले, आणि हिंदू म्हणून आले तसे हिंदूच राहिले. ख्रिस्ताने शिष्यांना आपापला वधस्तंभ रोज उचलायला सांगितले, त्याचा अर्थ टिळक दांपत्याने असा लावला. या अर्थापुढे आपले हातही जोडले जातात.

परंतु पत्रक वाटणाऱ्यांनी या चरित्राची पुढची पानेही वाचावीत. मनातील जातिभेद आपण बाप्तिस्म्याच्या आधीच, स्वतः विचार करून टाकून दिला, असे लक्ष्मीबाईंच्या आठवणींतून दिसते. म्हणजे त्यासाठी धर्म बदलावा लागला नव्हता. टिळक तर तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे उघड सांगत. त्यांची उपासना अभंगाची, प्रचार कीर्तनाचा आणि अभिमान हिंदुस्थानचा. शेवटी १९१७ साली त्यांनी अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान होते. दोनच वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात, त्यांचे देहावसान झाले. ज्याचे आयुष्य वधस्तंभाने खरोखर पालटले, त्याला मिशनची चौकट आणि पगार असह्य झाला, हे त्या पत्रकात का छापले जात नाही? माथी मोजणारा धर्मप्रचार आणि माणूस पालटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मस्तकावर पाणी शिंपडल्याने जात धुतली जात असती, तर चर्चमधील भेदभावाविरुद्ध दलित ख्रिस्ती बांधवांना आजही का बोलावे लागते?

एवढे सुनावले की आपले कर्तव्य संपले, असे मात्र नव्हे. टिळकांच्या मनात हे मंथन चालू होते, त्याच काळात आपला समाज कशात गुंतला होता? १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यावर ग्रामण्य आणले गेले, प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेले. एका कपभर चहासाठी! परधर्मात जाणाऱ्याला हाक मारायला अशा समाजाजवळ कोणता आवाज उरला होता?

याचे उत्तर रत्नागिरीनेच दिले. १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या सात बेड्यांवर घाव घातला. भागोजीशेठ कीरांच्या औदार्यातून १९३१ साली पतितपावन मंदिर सर्वांना खुले झाले. १९३३ साली अखिल हिंदू उपाहारगृह निघाले. मंदिराचे वर्णन आपण नेहमी करतो. मला उपाहारगृह अधिक धाडसाचे वाटते. देवळात माणूस एकदा जातो, चहा तीनदा पितो. रोटीबंदी तुटायची तर तिथेच तुटणार.

ती तुटली काय? त्या मंदिरापासून जेमतेम दोन मैलांवरच्या आमच्या घरात, माझ्या लहानपणी, म्हणजे सत्तरच्या दशकात, कान तुटलेला एक कप पडवीतल्या वाशात खोचलेला असे. बागेत राबणाऱ्या गड्याने तो स्वतः काढायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, विसळून पुन्हा तिथेच खोचायचा. त्याच घरात सावरकरांची तसबीर होती. अस्पृश्यता पाप नसेल तर जगात काहीच पाप नाही, या आशयाचे उद्गार बाळासाहेब देवरसांनी १९७४ साली पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत काढले. त्या भाषणाची पुस्तिका आमच्या कपाटात होती. कप पडवीत होता. मी दोन्ही पाहिले आणि पुष्कळ वर्षे काही बोललो नाही.

स्थानकावरून परतताना पत्रक चुरगळणाऱ्या त्या कार्यकर्त्याला मी विचारले, “तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना चहा कोणत्या कपात देतात रे?”

तो क्षणभर थांबला. “आईला विचारावं लागेल, काका,” म्हणाला.