गोळ्या एकटीनंच का घ्यायच्या?

बैठकीचा विषय रेशनचा असो की दारूचा, शेवटी कुणीतरी मागे रेंगाळतेच. "ताई, अंगावरून पांढरं जातं." कुणी म्हणते उष्णता, कुणी म्हणते हाडं झिजतात. गेल्या महिन्यात थांबली तिचा गोळ्यांचा तिसरा कोर्स झाला होता. दरवेळी थोडे दिवस बरं, मग परत तेच. डॉक्टरांनी तिला स्वच्छता ठेवायला सांगितलं. नवऱ्याचा विषयही काढला नाही.

तिच्यासारख्या किती? गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० जणींची डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी तपासणी केली. १९८९ साली ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते, निम्मे जंतुसंसर्गाचे. आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के!

थोडं पांढरं जाणं हा आजार नव्हे, मैत्रिणींनो. योनीतले लॅक्टोबॅसिलस जंतू आम्ल तयार करतात, त्यामुळे इतर जंतूंना तिथे सहसा थारा मिळत नाही. साबणानं आतून धुतलं तर हे राखणदारच जातात. वास, खाज, रंग बदलला तर मात्र तपासणी हवी, कारण जंतू निरनिराळे. बुरशी असेल तर नवऱ्याला सहसा औषध लागत नाही. पण ट्रायकोमोनास शरीरसंबंधातूनच पसरतो आणि पुरुषाला बहुधा त्रासच होत नाही. तो निरोगी, ती आजारी!

'बॅक्टेरियल व्हजायनोसिस'मध्ये राखणदार जंतू घटतात, दुसरे माजतात. पूर्वी पुरुषांना नुसत्या गोळ्या देऊन पाहिल्या, गुण दिसला नाही, म्हणून औषध बाईपुरतंच राहिलं. २०२५ साली ऑस्ट्रेलियातला १६४ जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांना गोळ्या आणि लावायचं मलम, दोन्ही दिलं. बारा आठवड्यांत आजार उलटला ३५ टक्के जणींचा. फक्त बाईला औषध दिलं तिथे ६३ टक्के. फरक इतका उघड की अभ्यास मध्येच थांबवला.

हे सगळं सांगून मी तिला म्हटलं, नवऱ्याला घेऊन जा. ती हसली. "ताई, तो म्हणेल, हा रोग तू कुठून आणलास?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ही गोष्ट तिनं घरात सांगायची, हेच मुळात चूक. ती डॉक्टरांनी त्याला बोलावून सांगावी, दोघांची तपासणी करावी, आणि गरज असेल तर दोघांचं औषध एकाच चिठ्ठीवर लिहावं. पुढच्या सोमवारी आम्ही दोघी तिच्याबरोबर दवाखान्यात जाणार आहोत.