फुकटची धुलाई, महागाचा धडा

नवी गाडी घेतली तेव्हा पहिली पूजा खुलताबादला भद्रा मारुतीसमोर केली. महिन्याभराने पहिली सर्व्हिसिंग झाली, धुलाई फुकट. घरी येऊन उन्हात बघतो तर काय, बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे!

कारण साधं आहे. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो, केसापेक्षाही पातळ. धूळ पाण्याने सुटायच्या आत फडकं फिरवलं की तीच धूळ पॉलिश पेपर होते. त्यात चाकं पुसलेलं फडकं बॉनेटवर! पॉलिश केलं तर ओरखडे जातात, पण थर आणखी झिजतो.

धुणाऱ्या पोराला मी दोष देत नाही. त्याला एकच बादली, एकच फडकं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गाड्या उरकायची घाई कुणी दिली? मालकाने. दोन बादल्या, चाकांना वेगळं फडकं, अंगाला मायक्रोफायबर, एवढंच तर लागतं.

गाडीवाल्यांनो, जॉब कार्डवर "गाडी धुवू नये" असं लिहूनच घ्या, तोंडी सांगू नका.

आणि धंदेवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. फुकट दिलेलं कामसुद्धा तुमच्याच नावावर जमा होतं. नीट जमत नसेल तर देऊ नका, निदान आधी विचारा तरी. इंजिनचं काम उत्तम झालं होतं हो, पण मला आठवतात ते ओरखडेच.